दूताचे नाव

२ ऑगस्ट २०२१ रोजी जलजाक्षी बंगेरा यांनी आपल्या बचत खात्यातून ३,१८६ रुपये भरले. त्यातले २,७०० रुपये एका वर्षाचे सर्व्हरचे भाडे आणि ४८६ रुपये त्यावरचा जीएसटी. बिल त्यांच्या स्वतःच्या नावावर निघाले. कॉलेजच्या नावावर काढायचे तर तीन कोटेशने मागवावी लागली असती आणि ती येईपर्यंत सेमिस्टर संपून गेले असते.

प्रिन्सिपल नरसिंह केदिलाय यांनी बिल हातात घेतले, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.

"मॅडम, किरकोळ खर्चातून मला तीन हजारच देता येतात. वरचे एकशे शहाऐंशी पुढच्या महिन्यात बघू."

"बघू नका सर, लिहून ठेवा."

केदिलाय यांनी व्हाउचरच्या कोपऱ्यात 'शिल्लक १८६' असे लिहिले आणि खाली सही केली. स्वभावाने ते सही करणारे गृहस्थ होते. कुणीही कागद पुढे केला की सही करायचे आणि मग दिवसभर काळजी करायचे.

मंगळूरकडच्या पुत्तूरच्या टेकडीवरच्या त्या कॉलेजात जलजाक्षी मॅडम बी.कॉम.च्या मुलांना हिशेबशास्त्र शिकवत. वय पंचावन्न. गावात त्यांना जलजक्का म्हणत. त्यांची आई विड्या वळायची. वडील वर्षभर दुसऱ्याच्या बागेतल्या सुपाऱ्या सोलायचे आणि पावसाळ्यात, यक्षगानाचे मेळे घरी बसले की, ताळमद्दलेच्या बैठकांना मद्दले, म्हणजे मृदंगासारखा ढोल, वाजवायला जायचे. कापडात गुंडाळलेले ते मद्दले डोक्यावर घेऊन मुलगी मागून चालायची. शिकता शिकता तिचाही हात त्यावर बसला. पुढे सुपारी सोसायटीत कारकुनी करत तिने पत्रद्वारे एम.कॉम. केले, लेक्चरर झाली, पण बायकांच्या ताळमद्दले मंडळीत मद्दले वाजवणे काही सोडले नाही.

ताळमद्दलेत तोंडाला रंग लागत नाही, डोक्यावर मुकुट चढत नाही. चारपाच माणसे अंगावर पंचा घेऊन सतरंजीवर समोरासमोर बसतात. गाणारा भागवत पद म्हणतो. मग एक जण राजा होऊन बोलतो, दुसरा दूत होऊन त्याला उत्तर देतो. एरवी त्यातला एक वकील असतो, एकाचे किराणा दुकान असते. सतरंजीवर बसला की तो फक्त पात्र. बोलणे फार लांबले तर भागवत टाळ उचलतो, मद्दलेवर थाप पडते आणि केवढाही मोठा बोलणारा असला तरी त्याला तिथे थांबावे लागते. उठल्यावर दोघे एकाच पानातली सुपारी खात घरी जातात. राजाला तू असे का बोललास म्हणून वाटेत कुणी विचारत नाही.

जलजक्कांच्या इंटरनेटवरच्या चर्चा-बोर्डाची कल्पना इथून आली. वर्ग फोनवर भरत होते, तेव्हा मुलांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप होता. त्यावर शंका विचारली की ती सुप्रभाताच्या फुलांखाली गाडली जायची. मुलींचे नंबर भलत्याच पोरांकडे पोचायचे. बोलायची तीच सहा मुले. बेळ्ळारेच्या एका मुलीने घसाऱ्यावर एक चांगला प्रश्न विचारला, कुणीतरी हसरे तोंड टाकले आणि तिने प्रश्न काढून टाकला. दुसऱ्या दिवशी जलजक्कांनी तिला फोन केला.

"प्रश्न का काढलास?"

"मूर्खासारखा होता, मॅडम."

"मूर्खासारखा असता तर मला उत्तर शोधायला पुस्तक उघडावं लागलं नसतं."

फोन ठेवला आणि जलजक्कांनी सर्व्हर म्हणजे काय ते शिकायला घेतले.

बोर्डाचे नाव त्यांनी 'कूट' ठेवले. आमच्याकडे ताळमद्दलेच्या बैठकीला कूटच म्हणतात. नाव नोंदवताना हजेरी क्रमांक द्यायचा, पण तो फक्त जलजक्कांना दिसायचा. दर शनिवारी त्या एक प्रश्न लावत आणि चिठ्ठ्या टाकून ठरवत की या वेळी राजा कोण, दूत कोण, मंत्री कोण. बोर्डावर दिसायचे ते एवढेच: राजा म्हणतो, दूत म्हणतो. बाकीच्यांनी सभेतले लोक म्हणून मध्ये तोंड घालायचे. पुढच्या शनिवारी प्रश्न तोच, पात्रे उलट. काल ज्याने कर्ज बुडीत धरा म्हणून रक्त आटवले, त्याने आज ते वसूल होणार म्हणून भांडायचे. वाद पुरे झाला असे वाटले की जलजक्का मद्दलेच्या थापेसारखे 'धीं' एवढेच लिहीत आणि तो धागा बंद होई. मुलेही वर्गात, "बस्स, धीं पडलं," असे म्हणू लागली.

आणि कूटातले काही काढायचे नाही. हिशेबाच्या वहीत चुकीची नोंद रबराने पुसत नाहीत, खाली दुरुस्तीची नोंद करतात, इथेही तसेच. शिवी आली तर ती झाकली जायची, पण तिच्या जागी 'इथे एक शिवी होती, बोलणाऱ्याला आठवडाभर बंदी' असे राहायचे.

हे सारे सरळ झाले असे नाही. पहिल्या आठवड्यात नोंदणीचे दार उघडेच राहिले आणि केस वाढवण्याच्या गोळ्यांच्या रशियन जाहिरातींनी कूट भरून गेला. घरात गहू निवडायला बसावे तशा जलजक्का त्या वेचत बसल्या. तेव्हापासून प्रत्येक नोंदणी त्या स्वतः तपासत. तीच शंका चौथ्यांदा आली की जुन्या धाग्याला जोडून देत आणि खाली लिहीत, 'हे भांडण आधी झाले आहे, वाचून मग हात चालवा.' रविवारी सगळ्याची नक्कल दोन पेनड्राइव्हवर. नवरा उमानाथ म्हणायचा, "माझ्या दुकानाचा हिशेब वर्षातून एकदा, आणि ह्या पोरांच्या बडबडीचा दर आठवड्याला!"

पण वर्गात ज्याचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नसे, असा एक मुलगा कूटात राजा होऊन नऊ परिच्छेद बोलला. तेव्हा जलजक्कांनी टेबलावर बोटांनी ताल धरला होता.

जानेवारीत कॉलेजने चालू वर्षाचे बसभाडे मागितले. आदल्या वर्षी माणशी ६,८०० रुपये घेतले होते आणि त्या वर्षी, सारे बंद असल्यामुळे, बस एकदाही सुटली नव्हती. त्याचे काय, हे कुणी बोलेना. त्या शनिवारी कूटात प्रश्न लागला: 'एका संस्थेने वर्षाचे बसभाडे आगाऊ घेतले. वर्षभर बस सुटली नाही. ही रक्कम संस्थेचे उत्पन्न की संस्थेवरचे देणे?'

प्रश्न पुस्तकातला होता. संस्था कुठली हे पुस्तकात नव्हते, आणि ते सांगायची गरज कूटात कुणाला वाटली नाही.

दूत म्हणाला: 'महाराज, आपल्या पाच गाड्या वर्षभर शेडमध्ये ताडपत्रीखाली उभ्या होत्या. तिसऱ्या गाडीच्या टपावर भोपळ्याचा वेल चढला होता आणि त्याला भोपळेही धरले होते. डिझेल शून्य. ड्रायव्हरला अर्धा पगार. प्रवासच झाला नाही तर हे भाडे कशाचे? ते आपले उत्पन्न नव्हे, आपल्याकडे राहिलेले आमचे पैसे आहेत. देण्याच्या बाजूला लिहा, आणि द्या. भोपळे आपण ठेवा.'

राजा म्हणाला: 'आम्हालाही खर्च असतात. कृपया समजून घ्यावे.'

दूताचे भोपळे दोन दिवसांत पालकांच्या फोनवर फिरले, आणि तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी जलजक्कांना बोलावले.

संचालक मंडळाचे सेक्रेटरी संकप्पा रै हे मोठे बागाईतदार. आवाज असा की सुपारी बाजारात बोलले तर बसस्टँडवर ऐकू यावे. देवळातल्या ताळमद्दलेत तीस वर्षे राजा म्हटला की रैच. त्यांच्या टेबलावर दूताच्या भाषणाचा छापील कागद होता. केदिलाय सर कोपऱ्यातल्या खुर्चीत अर्धे बसले होते.

"हा दूत कोण?" रै यांनी विचारले.

"दूत म्हणजे दूत."

"मॅडम, मी चेष्टा करत नाही."

"मीही नाही. चिठ्ठ्या टाकल्या, एकाला दूत आला. राजा आला असता तर त्यानंच तुमची बाजू मांडली असती."

"भोपळ्याचा वेल शेडच्या आत गेल्याशिवाय दिसत नाही. ड्रायव्हरचा अर्धा पगार ड्रायव्हरच्या घरातच माहीत. तनियप्पा ड्रायव्हरचा पोरगा तुमच्या वर्गात आहे ना? धनराज?"

"साठ मुलं आहेत माझ्या वर्गात."

"मग ऐका. शुक्रवारपर्यंत नाव द्या आणि ते लिखाण काढून टाका. नाहीतर मी धनराजच समजेन. बाप एक तारखेपासून घरी आणि पोराचं हॉल तिकीट माझ्या खणात."

केदिलाय सरांनी हात जोडल्यासारखे केले. ते कुणाला उद्देशून होते हे कळले नाही.

जलजक्का उठल्या नाहीत. "समजा ना. पण तसं लिहून द्या. 'मला वाटलं म्हणून ड्रायव्हरला काढला', खाली सही. मी तो कागद कूटात लावते. तिथून काही काढत नाहीत, राहील कायमचा."

"कूट कॉलेजचा आहे! तीन हजार कॉलेजनं दिलेत."

"बिल तीन हजार एकशे शहाऐंशीचं आहे. बाकी व्हाउचरवर लिहिलेली आहे, सरांची सही आहे. पुरते पैसे मिळेपर्यंत माल माझा."

रै यांनी केदिलाय यांच्याकडे पाहिले. केदिलाय यांनी पंख्याकडे पाहिले. रै यांनी खिशातून दोनशेची नोट काढून टेबलावर आपटली. "हे घ्या. चौदा तुम्हाला ठेवा."

"हे तुमचे. मला कॉलेजचे हवेत. कमिटीची मंजुरी घ्या, व्हाउचर करा, मग घेईन. आणि घेतले तरी नाव मिळणार नाही. त्यासाठी मला काढावं लागेल. तेही लेखी."

रै यांनी नोट उचलून खिशात टाकली. मग त्यांचे लक्ष पुन्हा त्या कागदावर गेले आणि राग एकदम दुसरीकडे वळला.

"आणि हा राजा! कुठला भिकारी आणून बसवलात हो? 'कृपया समजून घ्यावे'? राजा असं बोलतो?"

"त्याला जमलं तेवढं बोलला."

"छे छे छे. राजा म्हणेल..." रै खुर्चीत ताठ झाले, उजवा हात आपोआप वर गेला. "'अरे दूता! रथ तबेल्यात उभा राहिला म्हणून घोड्याचा चारा थांबतो काय?' असा आवाज निघाला पाहिजे! हा तर रेशनच्या रांगेतला माणूस."

केदिलाय सरांची मान नकळत डोलली होती. ती त्यांनी लगेच थांबवली.

"मग तुम्हीच बोला," जलजक्का म्हणाल्या. "राजाची जागा मोकळी करते. कोण बोललं ते कुणाला कळणार नाही. फक्त नियम सगळ्यांना सारखे. पुढच्या शनिवारी पात्र बदलेल."

"मला नियम शिकवता, मारायरे?" रै गावच्या बोलीवर आले. "तुमचे अप्पा ज्या सतरंजीवर वाजवायचे, तिच्यावर तीस वर्षं बोललोय मी."

"म्हणून तर बोलावते. पण एक. कूट संपेपर्यंत तनियप्पाला हात लावायचा नाही."

"नाही लावत. आधी ह्या पोरांना राजा दाखवतो, मग तुमच्या दूताकडे बघतो."

घरी उमानाथने सारे ऐकून घेतले आणि बन्सचा तुकडा बशीतच ठेवला. "एक वाक्य आहे ना? काढून टाक. पाच वर्षं राहिली नोकरीची."

"आज एक वाक्य काढलं की उद्या प्रत्येक पोर लिहिण्याआधी मागं वळून बघणार. मग मी ते चालवू कशाला? रशियन गोळ्याच विकते की."

"आणि तनियप्पाची नोकरी गेली तर?"

जलजक्कांनी हिशेब मांडून पाहिला. नाव सांगितले तर एक मूल जाणार, नाही सांगितले तर कदाचित एक ड्रायव्हर. धनराजच तो दूत होता की नव्हता, हे उमानाथने विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. त्या संध्याकाळी त्यांनी मद्दले काढून बराच वेळ नुसते पुसले.

शनिवारी कूटात नवा राजा आला. रै यांना टाइप करायची सवय नव्हती. ते व्हरांड्यात येरझारा घालत फोनला भाषण सांगत होते. घरच्यांना वाटले, देवळातल्या बैठकीची तयारी चालली आहे.

राजा म्हणाला: 'अरे दूता, गाडी उभी राहिली तरी राज्य उभे राहत नाही. चाकाचे रबर बसल्या जागी तडकते. कर्जाचा हप्ता टाळेबंदी ओळखत नाही. तुझी जागा त्या गाडीत राखून ठेवली होती. तू आला नाहीस हा गाडीचा दोष काय? देऊळ बंद होते म्हणून पुजाऱ्याचे पोट बंद ठेवायचे काय? आम्ही तुझ्याकडून प्रवासाचे पैसे घेतले नाहीत, तयारीचे घेतले!'

कूट दणाणला. सभेतल्या लोकांनी लिहिले, 'राजा आज जेवून आलाय!' कुणी लिहिले, 'दूता, भोपळे उचल आणि पळ.' त्या आठवड्याच्या दूताने दोन वेळा तोंड उघडले आणि दोन्ही वेळा राजाने त्याला घोड्यांच्या चाऱ्यात गाडले. बसभाड्याच्या वादात कॉलेजची बाजू पहिल्यांदाच कुणी नीट मांडली होती, आणि मुलांना ती पटली नाही तरी आवडली.

धीं पडल्यावर जलजक्कांचा फोन वाजला.

"कसं झालं?" आवाजात सेक्रेटरी नव्हता. सतरंजीवरून उठलेला माणूस होता.

"छान झालं. अप्पा असते तर त्यांनी थाप चुकवून तुमच्याकडे बघितलं असतं."

"हं. ते नेहमी तसं करायचे," रै म्हणाले. "पुढच्या शनिवारी मी दूत?"

"तुम्ही दूत."

केदिलाय यांनी त्यांना हात धरून विनवले म्हणतात: "साहेब, ताप आला म्हणून सांगा. कूटात कोण बघायला येणार आहे?" रै यांना ते लागले. "तीस वर्षांत आलेलं पात्र नाकारलं नाही मी. ह्या पोरांपुढे नाकारू?"

दुसऱ्या शनिवारी राजा होता एक विद्यार्थी, आणि तो हुशार निघाला. मागच्या आठवड्यातली रै यांचीच वाक्ये त्याने रै यांच्यावर फेकली: चाकाचे रबर, घोड्यांचा चारा. दूत सुरुवातीला जपून बोलत होता. पण समोरच्याने आपलेच बोलणे आपल्याला ऐकवावे आणि सभेने त्यावर हसावे, हे कुठल्याही बोलणाऱ्याला सोसत नाही. राजा म्हणाला: 'आणि दूता, गाड्या उभ्या असल्या तरी सरकारचा टॅक्स आम्हाला भरावाच लागला. तो काय तुझ्या भोपळ्यांनी भरायचा?'

दूत उसळला: 'कुठला टॅक्स, महाराज? गाड्या बंद आहेत असा अर्ज आपणच सरकारात दिलात आणि पाचही गाड्यांचा वर्षाचा टॅक्स वाचवलात! सरकारला सांगितलेत गाड्या बंद, आणि आमच्याकडून भाडे घेतलेत गाड्या तयार म्हणून. एका तोंडाने दोन बोलणी! सिंहासनावर बसणाऱ्याने निदान खोटे तरी एकच ठेवावे!'

अर्जाची गोष्ट एकाही विद्यार्थ्याला माहीत नव्हती. जलजक्कांनाही नव्हती. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचले, टेबलावर जोरात एक थाप मारली आणि लिहिले: 'धीं.'

रविवारी सकाळी उमानाथ अंगणात नारळ सोलत होता, तेव्हा रै यांची जीप दारात थांबली. रै आत आले, बसले, टोपी काढली. जलजक्का तव्यावरचे नीरदोसे उतरवत होत्या.

"जलजक्का, काल जरा रंगात आलो."

"दिसलं."

"ते टॅक्सचं वाक्य काढा."

"इथे काढत नाहीत. चुकीचं असेल तर खाली दुरुस्ती लिहा. चुकीचं आहे का?"

रै टोपीकडे बघत राहिले. "चुकीचं असतं तर जीप घेऊन आलो असतो का?"

"मग राहू दे."

"उद्या कमिटी विचारणार. आतली गोष्ट बोलला तो दूत कोण म्हणून."

"दूत म्हणजे दूत."

रै यांनी मान वर केली. "म्हणजे? नाव देणार नाही?"

"पहिल्याचं दिलं नाही, दुसऱ्याचं का देईन? आणि तुम्ही उद्या तनियप्पाला काढलात तरी तुमचं नाव सांगणार नाही. सौदा करत नाही मी. नियम आहे." त्यांनी ताटली पुढे ठेवली. "दोसे गरम आहेत तोवर खा."

रै यांनी दोसे खाल्ले. चव लागली असेल असे वाटत नाही.

सोमवारी कमिटीच्या खोलीबाहेर चाळीसेक पालक दूताच्या भाषणाच्या छापील प्रती घेऊन उभे होते. आत खजिनदार डॉक्टर प्रभू तांबडेलाल झाले होते.

"टॅक्सचे कागद पाहिलेलाच माणूस आहे हा! तनियप्पाच्या पोराला ह्यातलं काय कळणार? आपल्यातलाच कुणीतरी पोरांना पुरवतोय. सेक्रेटरी, नाव बाहेर काढा."

सेक्रेटरी कागद चाळत राहिले. जलजक्कांना बोलावण्यात आले.

"मॅडम, बोर्ड कॉलेजचा. नाव सांगा."

"एकशे शहाऐंशी रुपये बाकी आहेत, डॉक्टर."

"एवढंच? आत्ता ठराव करा. पैसे द्या आणि बोर्ड ताब्यात घ्या."

"पैसे घेईन, रीतसर पावती देईन. बोर्डाच्या किल्ल्या पण देईन. नावांची यादी मात्र देण्याआधी जाळेन. मग काढा मला."

प्रभू ठरावाचा कागद ओढू लागले. तेवढ्यात खालच्या सप्तकात आवाज आला.

"ही रक्कम मंजूर करता येणार नाही."

सगळ्यांनी रै यांच्याकडे पाहिले.

"बिल व्यक्तीच्या नावावर आहे," रै म्हणाले. "उरलेली रक्कम जीएसटीची. दुसऱ्याच्या नावावरच्या बिलाचा कर कॉलेजनं का सोसायचा? ऑडिटर विचारेल."

"अहो, परवा तुम्हीच म्हणत होतात की बोर्ड ताब्यात घ्या!"

"परवा परवा होता. चेकवर माझी सही लागते. मी करणार नाही. आणि डॉक्टर, कूटात कोण बोललं ते विचारत नाहीत. तुम्ही कधी सतरंजीवर बसला नाहीत, म्हणून सांगतो."

जलजक्का सरळ समोरच्या भिंतीकडे बघत उभ्या होत्या. हसल्या असत्या तर सगळेच बिघडले असते.

पालक पाच वाजेपर्यंत हलले नाहीत. शेवटी नोटीस लागली: मागील वर्षाचे बसभाडे चालू वर्षात वळते करण्यात येईल, जे विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेले त्यांना चेकने परत. नोटिशीत कूटाचा उल्लेख नव्हता. कॉलेजच्या वेबसाइटवरचा कूटाचा दुवा मात्र त्याच आठवड्यात काढला गेला. जलजक्कांनी पत्ता फळ्यावर खडूने लिहिला आणि खाली लिहिले, 'पुसू नये.' तनियप्पाची नोकरी राहिली. उरलेला अर्धा पगार त्याला मिळाला नाही. पुढचा प्रश्न जलजक्कांनी त्यावरच लावला. धनराजला हॉल तिकीट मिळाले. तो आता मंगळूरला एका ऑडिटरकडे काम करतो. तो दूत तूच का असे विचारले की हसतो. त्या हसण्यावरून काही ठरवू नये. त्या वर्गातल्या साठही जणांना तसे हसता येते.

दुसऱ्या दूताचे नाव इथे लिहिता आले, कारण ते त्यांनी स्वतःच सांगितले. सेक्रेटरीपद सोडल्यावर देवळात त्यांचा सत्कार झाला, तेव्हा शाल अंगावर घेऊन ते माईकवर म्हणाले, "तीस वर्षं राजा केला, पण माझं सगळ्यात चांगलं पात्र तुम्ही कुणी पाहिलं नाही." आणि मग अर्धा तास सांगत राहिले. मद्दलेवर जलजक्का होत्या. थाप त्यांनीच दिली, तेव्हा थांबले.

कूट चालू आहे. पहिल्या दूताचे नाव जलजक्कांनी आजवर कुणाला सांगितलेले नाही. दरवर्षी मार्चअखेर त्या कॉलेजला बाकीचे स्मरणपत्र देतात, आणि दरवर्षी उत्तर येते की रक्कम मंजूर करता येत नाही. सेक्रेटरी बदलले, उत्तर बदलले नाही. कॉलेजकडून जलजाक्षी बंगेरा यांना एकशे शहाऐंशी रुपये येणे आहे.